विश्लेषण : गावी गेलेली ई-मोटार परतणार कशी?

महामार्गांवर चार्जर वाढत आहेत. पण महामार्ग सोडून घाट उतरल्यावरचे गणित वेगळे आहे…

पुण्या-मुंबईत विजेवर चालणारी मोटार घेणाऱ्याला आता शहरात फारशी अडचण येत नाही. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगला लावली की सकाळी तयार. प्रश्न उभा राहतो तो गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी निघताना. ‘वाटेत कुठे बंद पडली तर?’ हा घरातल्या ज्येष्ठांचा पहिला सवाल असतो. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. मोटार बहुतेक वेळा वाटेत अडत नाही, गावीही व्यवस्थित पोहोचते. पंचाईत होते ती परत निघताना.

कागदावरची रेंज आणि रस्त्यावरची रेंज…

बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासात मोजतात. हा शब्द अवघड वाटला तरी वस्तू ओळखीची आहे. लाइटबिलावरचे एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास. ४५ युनिट बॅटरीच्या टाटा नेक्सॉनची प्रमाणित चाचणीतील रेंज ४८९ किलोमीटर आहे. प्रत्यक्ष वापरात ती साडेतीनशेच्या आसपास मिळेल, असे कंपनीच सांगते. चार माणसे, डिकीत सामान, एसी सुरू आणि महामार्गावरचा वेग धरला, तर एका युनिटला सहा ते सात किलोमीटर हा हिशेब सुरक्षित. म्हणजे पूर्ण बॅटरीत २९० किलोमीटरच्या आसपास. त्यातली शेवटची २० टक्के बॅटरी राखीव ठेवायची म्हटले, तर हाती उरतात सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर.

इथे एक गंमत आहे. खेड्यापाड्यातला रस्ता बॅटरीला मानवतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ताशी ११० किलोमीटरने जाणारी मोटार जितकी वीज खाते, तितकी वळणावळणाच्या रस्त्यावर ४०-५०च्या वेगाने जाणारी खात नाही. शिवाय ब्रेक लावताना चाकांची गती मोटरकडून पुन्हा विजेत बदलली जाते. ग्रामीण भागात अडचण रस्त्याची नाही, रस्ता जिथे संपतो तिथली आहे.

पुणे ते गुहागर : आकडे मांडून पाहू…

समजा, एक कुटुंब पुण्याहून ४५ युनिटची बॅटरी पूर्ण भरून गुहागरला निघाले. कराडपर्यंत सुमारे १६० किलोमीटर. तिथे पोहोचेपर्यंत २५ युनिट संपतात, २० उरतात. पुणे-कोल्हापूर महामार्गावर जलद चार्जर बऱ्यापैकी मिळतात. तासाभराच्या जेवणात बॅटरी ९० टक्क्यांवर, म्हणजे ४० युनिटवर येते. इथपर्यंत सगळे सुरळीत.

कराडला उजवीकडे वळून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि पुढे गुहागर, हे अंतर साधारण १४० किलोमीटरचे. त्याला वीसेक युनिट लागतात. मोटार दारात उभी राहते तेव्हा बॅटरी ४५ टक्के. मग दोन दिवस वेळणेश्वर, हेदवी, एखाद्या नातेवाइकाकडे फेरी. सत्तर किलोमीटर सहज होतात. आणखी ११ युनिट गेले. परत निघताना उरली नऊ युनिट, म्हणजे २० टक्के. चिपळूण ४५ किलोमीटरवर आहे. तिथे पोहोचल्यावर उरतात दोन युनिट, आणि समोर कुंभार्ली घाटाची चढण.

या प्रवासात कुणाची काही चूक झालेली नाही. जाताना बॅटरी कधीही धोक्याच्या रेषेपर्यंत आली नाही. फक्त मुक्कामात मोटार एकदाही चार्ज झाली नाही. चिपळूणमधला चार्जर चालू आणि मोकळा असला तर प्रश्न सुटला. नसला, तर सुट्टीचा शेवटचा दिवस तिथेच गेला आणि सोमवारची कचेरीही.

घाट किती वीज खातो?

चार माणसे आणि सामानासह मोटारीचे वजन १,८०० किलो धरले, तर ती ६०० मीटर उंचावर नेण्यासाठी सुमारे तीन युनिट ऊर्जा लागते. मोटर आणि बॅटरीतील घट धरून साडेतीन. हा रोजच्या अंतराच्या खर्चावरचा जादा खर्च आहे. म्हणजे घाटाचे १५ किलोमीटर सपाटीवरच्या ३५-४० किलोमीटरइतके महाग पडतात. चढताना पडद्यावरचा रेंजचा आकडा झरझर खाली येतो आणि नवखा चालक घाबरतो. पण माथ्यावर पोहोचल्यावर तो आकडा पुन्हा स्थिरावतो.

उतरताना यातली सगळी वीज परत मिळत नाही, पण निम्म्याहून अधिक मिळते. ताशी तीस-चाळीसच्या वेगाने, ब्रेकवर सारखा पाय न ठेवता उतरले तर दोन युनिटपर्यंत पदरात पडतात. कुंभार्ली उतरणाऱ्या मोटारीत जे घडते, तेच शेजारच्या डोंगराच्या पोटात प्रचंड प्रमाणावर घडत असते. कोयनेचे पाणी याच सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला पोफळीकडे सोडून वीज काढली जाते. १,९६० मेगावॉटच्या कोयना प्रकल्पाचे आणि घाट उतरणाऱ्या ई-मोटारीचे तत्त्व एकच आहे.

यातून एक व्यावहारिक धडाही निघतो. घाटमाथ्यावर मुक्काम असेल, तर सकाळी बॅटरी १०० टक्के भरून उतरू नये. भरलेल्या बॅटरीत नवी वीज घ्यायला जागाच नसते. मग उतारावरची ऊर्जा वाया जाते आणि साध्या ब्रेकवर ताण येतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणाऱ्यांनी ८०-८५ टक्क्यांवर थांबलेले बरे.

नकाशावर चार्जर दिसतो, मग अडते कुठे?

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या अखेरीस देशात २५ हजारांवर सार्वजनिक चार्जिंग केंद्रे होती. त्यांतली ३,७००हून अधिक महाराष्ट्रात. कर्नाटकानंतर आपला दुसरा क्रमांक. आकडा लहान नाही, पण केंद्रांची गर्दी शहरांत आणि मोजक्या महामार्गांवर आहे. तालुक्याच्या ठिकाणी एखादेच केंद्र असते आणि त्याला अनेकदा एकच गन.

एकुलता एक चार्जर बंद पडण्याची कारणे बहुतेक वेळा किरकोळ असतात. पावसात फीडर गेला. मोबाइलला नेटवर्क नाही म्हणून ॲपवरून पैसे जात नाहीत. केंद्र हॉटेलच्या आवारात आहे आणि हॉटेल रात्री दहाला कुलूपबंद होते. चार्जरसमोर पेट्रोलची मोटार लावून मंडळी जेवायला गेलेली असतात. शेवटचे कारण सर्वांत संतापजनक आणि सर्वांत नेहमीचे.

त्यात सणाची गर्दी. पेट्रोल भरायला पाच मिनिटे लागतात, जलद चार्जिंगला पाऊण तास. पुढे पाच मोटारी असल्या तर नंबर लागायला पावणेचार तास. एरवी दिवसाला दोन मोटारी पाहणाऱ्या केंद्रावर गौरी-गणपतीत अशी रांग लागू शकते. चार्जर बसवणाऱ्याची अडचणही इथेच आहे. ६० किलोवॉटच्या यंत्राला मोठी वीजजोडणी लागते, प्रसंगी स्वतंत्र रोहित्र लागते, आणि स्थिर आकार बारा महिने भरावा लागतो. गिऱ्हाईक मात्र वर्षातले मोजके आठवडे. त्यामुळे दोन चार्जरच्या जागी एकच बसतो आणि तो बिघडला की दुरुस्तीचा माणूस शहरातून यावा लागतो.

गावच्या घरात मोटार चार्ज होते का?

होते, आणि ग्रामीण प्रवासाचे खरे उत्तर तेच आहे. मोटारीबरोबर मिळणारा किंवा वेगळा घेता येणारा छोटा चार्जर १५ ॲम्पिअरच्या पॉवर प्लगवर चालतो. एसी किंवा गिझरला असतो तोच मोठा प्लग. त्यातून तासाला सुमारे तीन युनिट मिळतात. रात्री दहा तासांत, घट वजा जाता, २७ युनिट बॅटरीत जमा होतात. म्हणजे १७०-१८० किलोमीटर. गुहागरच्या उदाहरणात मुक्कामातली एक रात्र अशी मिळाली असती, तर ते कुटुंब चिपळूणला न थांबता घाट चढून महामार्गाला लागले असते.

अडचण अशी की हा साधा प्लग गावाकडे तितका साधा नसतो. पहिला अडथळा अर्थिंगचा. चार्जर आधी अर्थिंग तपासतो. ते नसेल किंवा कमजोर असेल, तर लाल दिवा लावून सरळ नकार देतो. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नसते. टीव्ही, मिक्सर, पंखा त्यावर वर्षानुवर्षे चालतात, म्हणून कुणाला पत्ताही नसतो. कोकणात जांभ्याच्या कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा अनेकदा पुरेसा खोल गेलेला नसतो. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग आणखी कमजोर होते. मे महिन्यात नकार देणारा चार्जर भर पावसात, गणपतीत, त्याच घरात चालू शकतो. अर्थिंगची ही तपासणी चुकवण्याचे ‘जुगाड’ सांगणारेही भेटतात. ते ऐकू नये. हीच तपासणी मोटारीच्या पत्र्याला हात लावणाऱ्याचा जीव वाचवते.

दुसरा अडथळा व्होल्टेजचा. घर डीपीपासून दूर, लाइनीच्या शेवटी असेल तर संध्याकाळी सात ते दहा या वेळेत, गावभर दिवे आणि पंप सुरू असताना, दाब २३० वरून १८० पर्यंत घसरतो. चार्जर मंदावतो किंवा बंद होतो. अशा वेळी रात्री साडेदहा-अकरानंतर चार्जिंग लावणे शहाणपणाचे. ज्या चार्जरमध्ये प्रवाह कमी करण्याची सोय असते, तो दहा ॲम्पिअरवर ठेवावा. वीज हळू मिळते, पण मिळत राहते.

तिसरा अडथळा वायरिंगचा, आणि धोका इथे सर्वाधिक. तीन किलोवॉटचा भार आठ-दहा तास सलग ओढणारी दुसरी वस्तू घरात नसते. गिझरही वीस मिनिटांत बंद होतो. बारीक वायर, सैल प्लग किंवा गुंडाळून ठेवलेली एक्स्टेन्शन केबल इतक्या वेळात तापते, वितळते. पहिल्या अर्ध्या तासानंतर प्लगला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहावा. चटका बसत असेल, तर चार्जिंग तिथेच थांबवावे. घरातल्या इन्व्हर्टरवर मोटार चार्ज करण्याचा तर विचारही नको.

गावच्या वायरमनला बोलावून मीटरपासून ओसरीपर्यंत चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, तिला स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग करून घेतले की हे तिन्ही प्रश्न बरेचसे मिटतात. व्होल्टेजचा तेवढा उरतो. घराचा मंजूर भार एक-दोन किलोवॉटच असेल, तर तो महावितरणकडून वाढवून घ्यावा लागतो. आणि एक शिष्टाचार. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढे दर एकदम चढतो. ज्या घराचे बिल महिन्याला ७०-८० युनिटचे, तिथे पाहुण्याच्या मोटारीच्या दोन रात्री ते पुढच्या टप्प्यात नेतात. काका-काकू बोलणार नाहीत. निघताना पैसे पाहुण्यानेच आठवणीने द्यायचे असतात.

सरकारी धोरण काय सांगते?

विजेवर मोटार चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्यामुळे त्याला परवाना लागत नाही, असे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केले. घरच्या जोडणीवरून मोटार चार्ज करण्यास २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मुभा आहे. त्याच सूचनांत महामार्गांच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर चार्जिंग केंद्राचे उद्दिष्ट होते. २०२४ मध्ये ते २० किलोमीटरवर आणले गेले. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेच्या १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी रुपये चार्जिंग केंद्रांसाठी राखले आहेत. राज्याच्या २०२५ च्या धोरणातही महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय अपेक्षित आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर ई-मोटारींना टोलमाफी आहे.

हे सगळे महामार्ग डोळ्यासमोर ठेवून आखलेले दिसते. कराड-चिपळूण रस्त्यावर आणखी चार जलद चार्जर आले तर हवेतच. पण गुहागरच्या लॉजवर, खाणावळीच्या आवारात किंवा घरगुती निवासाच्या ओसरीवर अर्थिंगसह असलेले दोन पॉवर प्लग त्या मानाने कितीतरी स्वस्त आहेत, आणि मुक्कामी आलेल्या मोटारीला घाई नसते. त्यासाठी नवे रोहित्र लागत नाही, ॲपही लागत नाही. युनिटमागे ठरलेले पैसे हातात घेतले की झाले. खोली राखून ठेवताना ‘चार्जिंग आहे का?’ असे विचारले तर उत्तर बहुधा ‘आहे की’ असेच येते. ‘मोटार उभी राहते तिथे १५ ॲम्पिअरचा प्लग आहे का, आणि त्याला अर्थिंग आहे का?’ असे विचारून, जमल्यास प्लगचा फोटो मागवून घ्यावा.

बॅटरी संपलीच तर?

मोटार एकदम बंद पडत नाही. बॅटरी तळाला गेली की आधी इशारे येतात, मग ताकद आपोआप कमी होते. कासवाचे चिन्ह दिसू लागले की एसी बंद करून, वेग चाळीसच्या आत ठेवून सपाटीवरचे जवळचे गाव गाठावे. घाट चढायला घेऊ नये. हॉटेल, गॅरेज, पिठाची गिरणी, जिथे पॉवर प्लग असेल तिथे विनंती करून दोन तास मिळाले, तरी ३५ किलोमीटरची सोय होते.

तेही जमले नाही, तर दोरी बांधून ट्रॅक्टरने ओढून नेण्याचा सल्ला हमखास मिळतो. पेट्रोलच्या मोटारीला तो चालून जातो. ई-मोटारीची चाके मोटरला कायम जोडलेली असतात. ती जमिनीवर फिरत ओढली, तर मोटर वीज निर्माण करू लागते आणि यंत्रणा बिघडू शकते. तिला चारही चाके वर घेणाऱ्या सपाट ट्रॉलीवरूनच न्यावे लागते. ही ट्रॉली तालुक्याला मिळेलच असे नाही. निघण्यापूर्वी विमा पॉलिसीतली ‘रोडसाइड असिस्टन्स’ची अट आणि ती किती किलोमीटरपर्यंत लागू आहे, हे वाचून मदतीचा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवलेला बरा. घाटात नेटवर्क नसते, म्हणून तो कागदावरही लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकावा.