शेतरस्त्याचा वाद, हेगचं कोर्ट आणि न्यायमूर्ती छागला

जळगाव-धुळ्याकडे शेतरस्त्याचा वाद नाही असं गाव सापडणं कठीण. रावेर-यावलकडे केळी काढणीला आलेली असते, शिंदखेड्याकडे कापसाची गाडी बाहेर काढायची असते, आणि मधल्या शेताचा मालक एका सकाळी वाटेवर काटे टाकतो. एक म्हणतो, "आमच्या आजोबांपासून ही वहिवाट आहे." दुसरा म्हणतो, "जाऊ देत होतो, हक्क दिला नव्हता." मग प्रकरण तहसीलदारांकडे जातं.

असाच वाद 1955 मध्ये दोन देशांत लागला. एका बाजूला पोर्तुगाल, दुसऱ्या बाजूला आपला भारत. कोर्ट होतं नेदरलँड्समधल्या हेग शहरातलं आंतरराष्ट्रीय न्यायालय. निकाल देणाऱ्या 15 जणांत एक होते मुंबईचे मोहम्मद अली करीम छागला. जगभरच्या लॉ कॉलेजांत हा खटला आजही शिकवला जातो. आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरचा विषय, असं वाटणाऱ्या मुलामुलींनी तो जरूर समजून घ्यावा.

वाद काय होता?

दमण समुद्रकाठी आहे. दादरा आणि नगर हवेली आत, जमिनीच्या पोटात. दोन्हीकडे सत्ता पोर्तुगीजांची, पण मधली जमीन भारताची. म्हणजे दमणहून तिथे जायचं तर भारतातूनच जावं लागायचं.

जुलै-ऑगस्ट 1954 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. भारताने पोर्तुगीजांना मधल्या वाटेने जाऊ दिलं नाही. 22 डिसेंबर 1955 रोजी पोर्तुगालने हेगला दावा दाखल केला. म्हणणं असं, की या वाटेवर आमचा हक्क आहे. एक तर पेशव्यांशी झालेल्या करारामुळे, आणि दुसरं म्हणजे जुन्या वहिवाटीमुळे.

'सरंजाम' म्हणजे मालकी नव्हे

करार होता 1779 चा, पुण्याचा. त्यात पेशव्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला 12,000 रुपये उत्पन्नाची गावं द्यायचं ठरलं होतं. पुढे 1783 आणि 1785 मध्ये तशा सनदा निघाल्या. पोर्तुगाल म्हणालं, गावं दिली म्हणजे सार्वभौम सत्ताच दिली. भारताचं म्हणणं होतं, सत्ता दिली नाही, फक्त सारा घ्यायचा अधिकार दिला. त्यालाच आपल्याकडे सरंजाम किंवा जहागीर म्हणतात.

कराराचे वेगवेगळे मजकूर कोर्टापुढे आले. ते तपासून कोर्टाने भारताचं म्हणणं मान्य केलं. पेशव्यांनी महसूल दिला होता, राज्य नव्हे. मात्र कोर्टाने पुढे असंही म्हटलं, की 1818 नंतर आलेल्या इंग्रजांनी तिथली पोर्तुगीज सत्ता न बोलता मान्य केली होती. त्यामुळे वहिवाटीचा मुद्दा उरलाच.

परवानगी मागितली, तिथे हक्क संपला

निकाल 12 एप्रिल 1960 रोजी लागला. कोर्टाने वहिवाटीचे दोन भाग केले. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल सव्वाशे वर्षांहून जास्त काळ त्या वाटेने येत-जात होता. म्हणून तेवढ्यापुरता पोर्तुगालचा हक्क 11 विरुद्ध 4 मतांनी मान्य झाला.

फौज, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांचं तसं नव्हतं. त्यांच्यासाठी इंग्रजांची परवानगी घ्यावी लागायची. खुद्द गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने 1890 च्या एका पत्रात कबूल केलं होतं, की आमचं सैन्य आधी परवानगी घेतल्याशिवाय ब्रिटिश हद्दीतून जात नाही. सत्तर वर्षांनी हेच पत्र त्यांच्या विरोधात गेलं. ज्यासाठी दरवेळी विचारावं लागतं, तो हक्क कसा? हा मुद्दा पोर्तुगाल 8 विरुद्ध 7, म्हणजे अवघ्या एका मताने हरलं.

आणि 1954 मध्ये भारताने वाट अडवली, त्याचं काय? मान्य झालेल्या हक्कावरही नियंत्रण ठेवण्याचा अधिकार भारताला होता आणि तेव्हा त्या भागात तणाव होता. म्हणून भारताने जबाबदारी मोडली नाही, असं 9 विरुद्ध 6 मतांनी ठरलं. पुढे ऑगस्ट 1961 मध्ये दादरा-नगर हवेली रीतसर भारतात सामील झाली.

छागला तिथे कसे?

ज्या देशाचा न्यायाधीश त्या कोर्टात नसतो, त्याला त्या खटल्यापुरता आपला न्यायाधीश नेमता येतो. पोर्तुगालने आपला नेमला, भारताने छागलांना. ते 1947 पासून मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. हेगला त्यांनी बहुमताशी असहमत होऊन स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. पुढे ते देशाचे शिक्षणमंत्री आणि परराष्ट्रमंत्रीही झाले.

आपल्या घरासाठी यात काय आहे?

पहिली गोष्ट रस्त्याची. आपल्याकडचा वहिवाटीचा कायदा 1882 चा आहे. त्याचं तत्त्वही तेच: 20 वर्षं, अखंड, उघडपणे आणि हक्काने वापर. परवानगी मागून केलेला वापर यात धरत नाहीत. चालू रस्ता कोणी अडवला तर मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. "बघू, बोलू" करत बसलात तर मुदत निघून जाते.

दुसरी गोष्ट कागदाची. खानदेशात अनेक मशिदी, दर्गे आणि काझी-मुलाणी घराण्यांना जुन्या काळी इनाम मिळालेलं आहे. तिथेही प्रश्न हाच येतो: सनदेत जमीन दिली की फक्त सारा माफ केला? उत्तर त्या कागदातल्या शब्दांत असतं. 2025 पासून उम्मीद पोर्टलवर वक्फची नोंद करायची आहे. त्या कामाला बसलेल्यांना जुन्या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको.

म्हणून पेटीतला फारसी किंवा मोडी कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका. लॅमिनेशनही करू नका, कागद खराब होतो. साधा फोटो काढून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून असेच कागद गोळा करायचे. धुळ्यात 1927 पासून त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे आणि जुन्या कागदांचा मोठा संग्रह तिथे आहे.

तिसरी गोष्ट मुलांची. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा लॉ कोर्स करता येतो. त्यासाठी राज्याची सीईटी असते. हेगच्या कोर्टाचे सगळे निकाल इंग्रजीत इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. ज्या मुलाला मराठीबरोबर उर्दू येते आणि थोडी मोडी-फारसी शिकायची तयारी आहे, त्याच्यासाठी हे शिक्षण जास्तच कामाचं आहे. 'सरंजाम' या शब्दाचा अर्थ त्याला दुसऱ्या कोणाला विचारावा लागणार नाही.