मूत्रपिंडाचा कर्करोग : गोळी लागू पडेनाशी झाली तर?



दारे धरताना एक सरी बांधली तरी पाणी उंदराच्या बिळातून दुसरीकडे फुटते. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगाचे तसेच आहे. सुनिटिनिबची गोळी गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखते. पुढे गाठ दुसरी वाट काढते नि गोळी लागू पडत नाही. पण म्हणून इलाज संपला असे समजून घरी बसू नये. कॅबोझँटिनिब ही गोळी त्यातल्या काही आडवाटाही बंद करते. निवोलुमॅब शिरेतून देतात. ते शरीराची प्रतिकारशक्ती जागी करते. अशाच, आधीचे औषध थकलेल्या ८२१ रुग्णांची चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. एव्हरोलिमसवर निम्मे रुग्ण १९.६ महिन्यांपुढे जगले, निवोलुमॅबवर २५ महिन्यांपुढे. रोग बहुधा समूळ जात नाही, पण दिवस वाढतात. आधी काय दिले त्यावर पुढचे औषध ठरते. तेव्हा जुने कागद जपून ठेवा आणि ते घेऊनच कर्करोगतज्ज्ञांकडे जा.

— ऊस विकास अधिकारी