विश्लेषण : थायरॉइडचा ‘रिसेप्टर’ शोधणारी अँटिबॉडी कितपत भरवशाची?

टी३, टी४, टीएसएच हे शब्द थायरॉइडच्या रुग्णांना पाठ असतात. पण रक्तात संप्रेरक पुरेसे असून भागत नाही, पेशीने त्याची दखल घ्यावी लागते. ती घेणारे प्रथिन म्हणजे रिसेप्टर. प्रयोगशाळेत ते शोधण्यासाठी अँटिबॉडी म्हणजेच प्रतिपिंड वापरतात. हे साधनच चुकले, तर संशोधनाची दिशा चुकते.

रिसेप्टर काय करतो?

टी३ संप्रेरक पेशीकेंद्रकातील रिसेप्टरला चिकटते. त्यानंतर काही जनुकांचे काम वाढते, काहींचे कमी होते. १९८६ मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे या रिसेप्टरचे जनुक ओळखले. त्याचे अल्फा आणि बीटा असे दोन मुख्य प्रकार आहेत. हृदयात आणि हाडांत प्रामुख्याने अल्फा, तर यकृतात बीटा आढळतो.

अँटिबॉडीने तो कसा दिसतो?

रिसेप्टरचा छोटा तुकडा ससा किंवा उंदराला टोचला, की त्याचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ‘वेस्टर्न ब्लॉट’ चाचणीत पेशीतील प्रथिने आकारानुसार वेगळी करून पातळ पडद्यावर घेतात. अँटिबॉडी जिथे चिकटते, तिथे पट्टा उमटतो.

मग अडचण कुठे?

हा रिसेप्टर पेशीत अत्यल्प असतो. शिवाय अल्फा आणि बीटाच्या रचनेत बरेच साम्य आहे. अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटली, तरी पट्टा दिसतोच. त्याचा आकार अपेक्षेच्या जवळपास असला, तर फसगत होते.

खात्री कशी करतात?

रिसेप्टरचे जनुक काढून टाकलेल्या उंदराच्या ऊतीवर तीच अँटिबॉडी वापरतात. तिथेही पट्टा उमटला, तर अँटिबॉडी दुसरेच काही पकडते आहे, हे उघड होते. दुसरा उपाय म्हणजे रिसेप्टरलाच जनुकीय बदलाने छोटी खूण जोडायची आणि त्या खुणेची खात्रीशीर अँटिबॉडी वापरायची. २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मधून प्रयोगशाळेतील अँटिबॉडींच्या दर्जासाठी ठोस मानके असावीत, अशी मागणी केली होती.

याचे महत्त्व काय?

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘रेस्मेटिरोम’ या औषधाला मंजुरी दिली. चरबीमुळे यकृताला सूज येऊन ते कठीण होऊ लागते, अशा आजारावरचे हे औषध मुख्यतः बीटा रिसेप्टरवर काम करते. अल्फाला चेतवले, तर हृदयाची धडधड वाढण्याचा धोका असतो. म्हणूनच कोणत्या अवयवात कोणता प्रकार किती, हे अचूक कळणे गरजेचे ठरते.

रुग्णांच्या अहवालातील अँटिबॉडी हीच का?

नाही. ‘अँटी-टीपीओ’ चाचणीत रुग्णाच्या शरीरानेच स्वतःच्या थायरॉइडविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे मोजतात. ‘टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी’ ही ग्रेव्हज आजारातील चाचणीही वेगळी आहे. तो रिसेप्टर थायरॉइड ग्रंथीच्या पेशींच्या पृष्ठभागावर असतो, केंद्रकात नव्हे. केंद्रकातील रिसेप्टरमध्ये जन्मजात दोष असल्याचा संशय आला, तर डॉक्टर जनुकीय चाचणी सुचवतात. त्यामुळे अहवालात ‘अँटिबॉडी’ शब्द दिसला, तर ती नेमकी कोणती, हे आधी डॉक्टरांना विचारावे.