विश्लेषण : रात्री दहाचा ठोका आणि दुपारपर्यंत नवा पंतप्रधान... ब्रिटनमध्ये एका रात्रीत निकाल कसा लागतो?

४ जुलै २०२४ रोजी ब्रिटनमध्ये रात्रीचे दहा वाजले, तेव्हा भारतात ५ जुलैच्या पहाटेचे अडीच वाजले होते. तिकडे मतदान केंद्रांची दारे बंद झाली आणि त्याच क्षणी टीव्हीच्या पडद्यावर आकडे झळकले : मजूर पक्ष ४१०, हुजूर पक्ष १३१. पुढच्या पंधरा तासांच्या आत ऋषी सुनक राजीनामा देऊन बाहेर पडले होते आणि कीअर स्टार्मर १०, डाउनिंग स्ट्रीटमध्ये दाखल झाले होते. त्याच वर्षी भारतात लोकसभेचे मतदान १९ एप्रिल ते १ जून असे सात टप्प्यांत झाले आणि निकाल ४ जूनला लागला. आपल्याकडे मतदान यंत्रे आहेत, तर ब्रिटनमध्ये आजही कागदी मतपत्रिका आणि पेन्सिल. तरीही एका रात्रीत निकाल कसा लागतो, याविषयी...

निवडणूक कधी घ्यायची, हे कोण ठरवते?

भारतात तारखा निवडणूक आयोग जाहीर करतो. ब्रिटनमध्ये ते पंतप्रधानांच्या हातात असते. पंतप्रधान राजांना संसद विसर्जित करण्याची विनंती करतात आणि विसर्जनानंतर कामकाजाच्या २५ दिवसांनी मतदान होते. सुनक यांनी २२ मे २०२४ रोजी भर पावसात भिजत निवडणुकीची घोषणा केली, ३० मे रोजी संसद विसर्जित झाली आणि ४ जुलैला मतदान झाले.

मधल्या काळात हा अधिकार पंतप्रधानांकडून काढून घेण्यात आला होता. २०११ च्या कायद्याने संसदेची मुदत पाच वर्षे निश्चित केली आणि मुदतपूर्व निवडणुकीसाठी दोनतृतीयांश खासदारांच्या पाठिंब्याची अट घातली. प्रत्यक्षात २०१७ मध्ये ही अट पूर्ण करून, तर २०१९ मध्ये वेगळा कायदा करून मुदतपूर्व निवडणूक झालीच. अखेर २०२२ मध्ये हा कायदा रद्द करून जुनी पद्धत परत आणण्यात आली. आता कमाल मर्यादा एवढीच, की नव्या संसदेच्या पहिल्या बैठकीपासून पाच वर्षांनी ती आपोआप विसर्जित होते. सध्याच्या संसदेची पहिली बैठक ९ जुलै २०२४ रोजी झाली. म्हणजे पुढची निवडणूक १५ ऑगस्ट २०२९ पर्यंत घ्यावीच लागेल.

वेळ निवडण्याचा अधिकार हा सत्ताधाऱ्यांचा हुकमी एक्का मानला जातो. तो दर वेळी चालतोच असे नाही. २०१७ मध्ये थेरेसा मे यांनी जनमत चाचण्यांतील मोठी आघाडी पाहून निवडणूक लावली आणि हातातले बहुमतही गमावले.

मतदान गुरुवारीच का?

१९३५ पासूनची प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक गुरुवारी झाली आहे. तसा कायदा नाही, तो पडलेला पायंडा आहे. शुक्रवारी पगार हातात पडला की लोक पबमध्ये जातात, रविवारी चर्चमधील प्रवचनाचा प्रभाव पडतो, म्हणून दोन्हींपासून लांबचा गुरुवार निवडला, अशी स्पष्टीकरणे दिली जातात. ठोस पुरावा मात्र कशालाच नाही. व्यावहारिक फायदा असा, की शुक्रवारी निकाल हाती येतो आणि नव्या सरकारला शनिवार-रविवार मंत्रिमंडळाच्या जुळवाजुळवीसाठी मिळतो.

मतदानाच्या दिवशी टीव्हीवर शांतता का असते?

मतदान सकाळी सात ते रात्री दहा चालते. प्रसारणाचे नियमन करणाऱ्या ‘ऑफकॉम’च्या नियमानुसार मतदान सुरू होताच निवडणुकीच्या मुद्द्यांवरील चर्चा आणि विश्लेषण थांबवावे लागते. एक्झिट पोलचे आकडे दहापूर्वी प्रसिद्ध करणे हा तर गुन्हा आहे. त्यामुळे दिवसभराच्या बातम्यांत हवामान, मतदान करून बाहेर पडणारे नेते आणि मालकासोबत मतदान केंद्रावर आलेले कुत्रे एवढेच दिसते. केंद्राबाहेरच्या कुत्र्यांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणे ही तर आता प्रथाच झाली आहे.

दहाच्या ठोक्याला अचूक आकडे कसे येतात?

बीबीसी, आयटीव्ही आणि स्काय न्यूज या तीन स्पर्धक वाहिन्या मिळून एकच एक्झिट पोल करून घेतात. देशात सुमारे ४० हजार मतदान केंद्रे आहेत. त्यांपैकी जेमतेम १३० च्या आसपास केंद्रांबाहेर ‘इप्सॉस’ संस्थेचे कर्मचारी उभे राहतात. मतदाराला ‘कोणाला मत दिले’ असे तोंडी विचारत नाहीत. त्याला मतपत्रिकेची नक्कल देतात आणि ती भरून पेटीत टाकायला सांगतात. त्यामुळे लपवण्याचे कारण उरत नाही. अशा २० हजारांहून अधिक मतदारांची उत्तरे गोळा होतात.

खरी युक्ती पुढच्या गणितात आहे. शक्यतो मागील निवडणुकीतील केंद्रेच पुन्हा निवडली जातात. ‘या केंद्रावर किती टक्के मते पडली’ यापेक्षा ‘मागच्या वेळेपेक्षा किती बदल झाला’ हे मोजले जाते. नमुन्यातील केंद्र एखाद्या पक्षाकडे झुकलेले असले, तरी दोन्ही वेळची तुलना केल्यावर तो झुकाव बराचसा वजा होतो. मग कोणत्या प्रकारच्या मतदारसंघात कसा बदल होतो आहे, हे शोधून तो सर्व मतदारसंघांना लावला जातो. प्राध्यापक जॉन कर्टिस आणि संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फर्थ यांनी ही पद्धत विकसित केली.

आणखी एक मेख म्हणजे प्रत्येक जागेचा थेट विजेता ठरवला जात नाही, जिंकण्याची शक्यता मोजली जाते. समजा, दहा जागांवर एका पक्षाची शक्यता प्रत्येकी ६० टक्के आहे. प्रत्येक ठिकाणी तोच पुढे म्हणून दहाही जागा त्याच्या नावावर टाकल्या, तर अंदाज फसेल. शक्यतांची बेरीज केली की सहा जागा येतात आणि हा आकडा वास्तवाच्या जवळ जातो.

२०२४ मध्ये मजूर पक्षाला ४१० जागांचा अंदाज होता, मिळाल्या ४११ (सभापती वगळून). हुजूर पक्षाला १३१ ऐवजी १२१ मिळाल्या. रिफॉर्म यूके या पक्षाचा अंदाज मात्र चुकला. १३ जागा सांगितल्या होत्या, आल्या पाच. १९९२ मध्ये तर एक्झिट पोलने त्रिशंकू संसदेचे भाकीत केले होते आणि जॉन मेजर २१ च्या बहुमताने जिंकले. त्या धक्क्यानंतरच्या काळात पद्धत बदलली गेली. आपल्याकडे २०२४ मध्ये बहुतेक चाचण्यांनी ‘एनडीए’ला ३५० च्या पुढे नेले होते, प्रत्यक्षात २९३ जागा आल्या.

कागदी मते एका रात्रीत कशी मोजतात?

देशपातळीवर एकच मतमोजणी नसते. ६५० मतदारसंघांत ६५० स्वतंत्र मोजण्या एकाच वेळी चालतात. सीलबंद मतपेट्या एखाद्या क्रीडा संकुलात किंवा सभागृहात आणल्या जातात. पहिला टप्पा पडताळणीचा. पेटीत निघालेल्या मतपत्रिकांची संख्या केंद्राध्यक्षांच्या हिशेबाशी जुळते का, हे आधी पाहतात. तोपर्यंत कोणाला किती मते, हे मोजतच नाहीत. नंतर निरनिराळ्या पेट्यांतील मतपत्रिका एकत्र मिसळतात, उमेदवारनिहाय वेगळ्या करतात आणि गठ्ठे बांधून मोजतात. हे सारे उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत चालते. मोजताना मतपत्रिकेची छापील बाजू वर ठेवावी लागते, कारण मागच्या बाजूला क्रमांक असतो आणि तो कोणाला दिसू नये.

टपाली मतांवरची सही आणि जन्मतारीख आधीच्या दिवसांत तपासून ठेवतात, पण मोजणी दहानंतरच. एका मतदाराला एकच खासदार निवडायचा असल्याने मतपत्रिका सोपी असते. साधारण ७० हजारांच्या आसपास मतदार असलेल्या मतदारसंघात २०२४ सारखे जेमतेम ६० टक्के मतदान झाले, तर सुमारे ४० ते ४५ हजार मतपत्रिका मोजायच्या असतात. आपल्याकडे लोकसभेच्या एका मतदारसंघात १५-२० लाख मतदार असतात. वेगाचे अर्धे रहस्य या आकारातच आहे.

फरक कमी असेल तर उमेदवार फेरमोजणी मागू शकतो. २०१७ मध्ये नॉर्थ ईस्ट फाइफची जागा केवळ दोन मतांनी ठरली होती. २०२४ मध्ये लंडनच्या हेंडनमध्ये फरक १५ मतांचा होता. त्याच वर्षी मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले, हे मराठी वाचकांना आठवत असेलच. समसमान मते पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लावतात.

पहिल्या निकालासाठी शर्यत का लागते?

सर्वात आधी निकाल लावायचा, हा ईशान्य इंग्लंडमधील संडरलँडचा अनेक वर्षांचा हट्ट आहे. २००१ मध्ये संडरलँड साउथने मतदान संपल्यावर पाऊण तासाच्या आत निकाल जाहीर केला. त्यासाठी नोटा मोजण्यात तरबेज बँक कर्मचाऱ्यांना मोजणीला बसवणे, मतपेट्या हातोहात आत पोहोचवण्यासाठी तरुणांची साखळी उभी करणे, असे उपाय तिथे केले गेले. २०१७ आणि २०१९ मध्ये शेजारच्या न्यूकॅसलने हा मान हिरावला. २०२४ मध्ये सव्वाअकराच्या सुमारास निकाल लावून हॉटन अँड संडरलँड साउथने तो परत मिळवला.

दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडमधील इनव्हरनेस, स्काय अँड वेस्ट रॉस-शायर. तिथे फेरमोजणी लांबली आणि शेवटचा निकाल थेट शनिवारी, ६ जुलैला लागला.

रात्रीच मोजायची घाई कशासाठी?

हा वाद खरोखर झाला आहे. पंधरा तास मतदान केंद्र सांभाळल्यावर रात्रभर मोजणी करायची, तर थकव्यामुळे चुका होतील, सकाळी ताज्या डोळ्यांनी मोजावे, असे अनेक स्थानिक प्रशासनांचे म्हणणे होते. २०१० च्या निवडणुकीआधी शुक्रवारी मोजणी करण्याकडे कल वाढला, तेव्हा ‘निवडणुकीची रात्र वाचवा’ अशी मोहीम उभी राहिली. मतपेट्या रात्रभर बंद खोलीत राहिल्या तर संशयाला जागा उरते, हा तिचा एक मुद्दा होता. परिणामी २०१० मध्ये कायद्यात तरतूद झाली. मतदान संपल्यापासून चार तासांत, म्हणजे पहाटे दोनपर्यंत मोजणी सुरू करण्यासाठी शक्य ते प्रयत्न करायचे आणि जमले नाही तर कारण जाहीर करायचे. स्ट्राँग रूमबाहेर कार्यकर्त्यांचा पहारा पाहण्याची सवय असलेल्या आपल्याला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

टीव्हीवर रात्रभर दाखवतात काय?

ब्रिटनमध्ये फेरीनिहाय कल जाहीर होत नाहीत. त्यामुळे ‘आघाडी-पिछाडी’चा खेळ नाही. एका मतदारसंघाचा निकाल एकदाच, सर्व उमेदवारांना मंचावर उभे करून वाचला जातो. २०२४ मध्ये पंतप्रधान सुनक यांच्याच मंचावर डोक्यावर कचऱ्याचा डबा घातलेला ‘काउंट बिनफेस’ हा उमेदवारही उभा होता.

दोन निकालांमधली पोकळी विश्लेषणाने भरावी लागते. बीबीसीने १९५० मध्ये पहिल्यांदा निकालाचा टीव्ही कार्यक्रम केला, तेव्हा जेमतेम पंचविशीतील अभ्यासक डेव्हिड बटलर तिथे आकडे समजावत होते. एका पक्षाकडून दुसऱ्याकडे किती टक्के मते सरकली, हा ‘स्विंग’ त्यांनी रूढ केला. त्याची तबकडी म्हणजे ‘स्विंगोमीटर’ १९५५ पासून पडद्यावर आली. याच बटलर यांच्यासोबत प्रणय रॉय आणि अशोक लाहिरी यांनी भारतीय निवडणुकांचा आकडेवारीनिशी अभ्यास केला. आपल्याकडच्या टीव्हीवरील ‘स्विंग’च्या भाषेचे मूळ तिथे आहे.

यात मराठी माणसाचा संबंध काय?

थेट संबंध आहे. ब्रिटनमध्ये वैध परवानगीने राहणाऱ्या, १८ वर्षे पूर्ण झालेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येते. भारत राष्ट्रकुलात असल्याने शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गेलेल्या भारतीय पासपोर्टधारकांनाही हा हक्क आहे. मात्र मतदार यादीत नाव स्वतः नोंदवावे लागते. २०२४ पासून सार्वत्रिक निवडणुकीत केंद्रावर छायाचित्र ओळखपत्र सक्तीचे झाले आहे आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. लंडन किंवा लेस्टरमध्ये शिकणाऱ्या अनेकांना याची कल्पनाच नसते. १५ मतांनी जागा ठरत असताना हा हक्क किरकोळ म्हणता येणार नाही.