पाण्याची चिळकांडी मारणारा शिकारी

लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, मोराच्या पिसाऱ्यासारखे पर फुलवून सावकाश तरंगणारा मासा पाहिलाय का कधी? तो सिंहमासा, म्हणजेच लायनफिश. अंदमान आणि लक्षद्वीपच्या प्रवाळांत तो राहतो. हौशी लोक त्याला घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीतही पाळतात. आणि हो, तो विषारी आहे!

मग शिकार करताना तो विष टोचत असेल, नाही का? मुळीच नाही! पर पसरून तो छोट्या माशाला कोपऱ्यात गाठतो. कधी कधी तर तोंडातून त्याच्यावर पाण्याची चिळकांडी सोडतो. पाणी कुठून येतंय म्हणून तो मासा तोंड वळवतो, आणि तिथेच फसतो. डोक्याकडून मासा गिळायला सोपा जातो ना! क्षणात मोठ्ठं तोंड उघडतं, पाण्याबरोबर मासाही आत.

विष आहे ते फक्त स्वतःच्या बचावासाठी. पाठीवर 13, पोटाखाली 2 आणि शेपटीच्या अलीकडे खालच्या बाजूला 3, असे 18 विषारी काटे. ते ऐटदार, पसरट पर मात्र बिनविषारी! प्रत्येक काट्याला लांब खाचा असतात, त्यांत विषाचा मऊ थर आणि वरून पातळ कातडी. काटा रुतला की कातडी मागे सरकते, थर दाबला जातो आणि विष खाचेतून जखमेत उतरतं. स्वतःहून विष उडवणं या माशाला जमत नाही. म्हणून टाकी साफ करताना मासा कुठे आहे ते आधी बघायचं, मगच हात घालायचा. तेही काम मोठ्यांचंच. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंतच्या, बुडवून धरतात आणि लगेच डॉक्टर गाठतात. हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने ते बिघडतं.

नव्या घरात हे महाशय मेलेलं खाणं ओळखतच नाहीत. मग कोळंबीचा तुकडा लांब काडीला लावून पाण्यात हलवायचा, जिवंत वाटेल असा. काही दिवसांत मासा खाऊ देणाऱ्याला ओळखू लागतो आणि तो दिसताच काचेपाशी येतो. मला तर हे फार आवडतं!

पण दुकानातलं बोटाएवढं पिल्लू पुढे 30 सेंटिमीटरच्याही वर वाढतं. त्याला शेकडो लिटरची टाकी लागते, शिवाय तोंडात मावेल तो शेजारी ते गट्ट करतं. कंटाळून समुद्रात सोडून द्यावं? अजिबात नको! अटलांटिक महासागरात हे मासे मुळात नव्हतेच. 1985 मध्ये फ्लोरिडाजवळ पहिला सापडला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतून सुटलेला. एक मादी वर्षाला सुमारे 20 लाख अंडी घालते, आणि तिथल्या छोट्या माशांना हा शिकारी आहे हेच ठाऊक नव्हतं. बघता बघता तो कॅरिबियनभर पसरला. आता तिथे पाणबुडे भाले घेऊन त्याला पकडतात, काटे कापून टाकतात आणि चक्क तळून खातात. विष काट्यांत असतं, मांसात नाही!