घोस्ट करून राह्यला का बे?

"काहून बे, मेसेज सीन करून गप्प बसला? घोस्ट करून राह्यला का मले?"

नागपूरच्या धरमपेठेत संध्याकाळी कॉलेजच्या पोरांच्या घोळक्याजवळ उभं राहा, असलं काहीतरी कानावर पडेलच. 'घोस्ट करणं' म्हणजे एक शब्दही न सांगता संबंध तोडणं. शब्द इंग्रजी, पण वाक्य अस्सल नागपुरी. पुण्याचा मुलगा 'घोस्ट करतोयस का' म्हणेल. 'करून राह्यला' म्हणावं ते आपणच. ही रचना हिंदीच्या 'कर रहा है'च्या जवळची. १९५६ पर्यंत नागपूर हिंदी-मराठी प्रांताची राजधानी होतं; परक्या शब्दाला 'करणे' जोडून कामाला लावणं इथे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणून पोरांच्या इंग्रजीने मराठी बुडेल, ही भीती मला पटत नाही.

यातले सगळे शब्द नवे असतात असंही नाही. 'रिझ', म्हणजे समोरच्यावर छाप पाडायची हातोटी, हा 'कॅरिझ्मा'चा मधला तुकडा. ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी २०२३ या वर्षाचा शब्द म्हणून तो निवडला. २०२४चा त्यांचा शब्द 'ब्रेन रॉट', म्हणजे फालतू व्हिडिओ बघबघून डोकं बधिर होणं. तो तर अमेरिकन लेखक थोरोच्या 'वॉल्डन' या पुस्तकात १८५४ सालीच आहे!

असे शब्द टोळीची खूण असतात. बाबा 'रिझ' म्हणू लागले की पोरं तो टाकून देतात.

व्यवसायाच्या परिभाषेचं तसं नाही. तिचा उपयोग आहेच. 'हॅलुसिनेट', म्हणजे भास होणं, हा वैद्यकातला जुना शब्द. एआय ठामपणे खोटी माहिती रचून देतं, त्यालाही आता तोच वापरतात. केंब्रिज शब्दकोशाने २०२३चा शब्द म्हणून तो निवडला. हा अर्थ ठाऊक असलेली मुलगी प्रोजेक्टमधले संदर्भ एकदा तपासून तरी घेते.

पण बँकेच्या काउंटरवर पेन्शनर आजोबांना "तुमचं री-केवायसी पेंडिंग आहे" एवढंच सांगितलं, की ते घाबरतात. "ओळख आणि पत्ता पुन्हा तपासायचा आहे, आधार-पॅन घेऊन या," असं म्हटलं तर जागच्या जागी उलगडा होतो. प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. 'केवायसी अपडेट करा, नाहीतर खातं बंद होईल' हेच तर ठगांचं आवडतं हत्यार, आणि रिझर्व्ह बँकेने त्याबद्दल अनेकदा सावध केलं आहे.

तेव्हा पोरांनो, 'रिझ' खुशाल वापरा. फक्त आज आजी-आजोबांजवळ दहा मिनिटं बसा, केवायसी आणि ओटीपी म्हणजे काय ते आपल्या बोलीत सांगा. आणि बँक फोनवर ओटीपी कधीच मागत नाही, हेही.