रुंद पाठीचे माप : हाफलिंगर घोडा आणि त्याचे खोगीर

आल्प्स पर्वतातील टिरोल प्रदेशात, आज उत्तर इटलीत असलेल्या मेरानो शहराजवळच्या हाफलिंग गावावरून ज्याला नाव मिळाले, तो हाफलिंगर घोडा डोंगरउतारावरची शेती आणि अरुंद पायवाटांवरची ओझेवाहतूक यांसाठी वाढवला गेला. अर्ध-अरबी रक्ताचा पिता आणि स्थानिक डोंगरी घोडी यांच्यापासून १८७४ मध्ये जन्मलेला ‘फोली’ हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो आणि आजच्या शुद्ध हाफलिंगरांची वंशावळ त्याच्यापर्यंतच पोहोचते. सोनेरी तांबूस अंग, फिकट आयाळ, खांद्यापाशी साधारण १३८ ते १५० सेंटीमीटर उंची, आखूड व रुंद पाठ आणि शांत स्वभाव ही त्याची ओळख होय. ज्या भरदार बांध्यामुळे तो उत्तम भारवाहक ठरला, त्याच बांध्यामुळे त्याच्यासाठी योग्य खोगीर शोधणे कठीण जाते, आणि या अडचणीचे मूळ खोगिराच्या आकारमानापेक्षा त्याच्या घाटात आहे.

खोगिराच्या आत एक ताठ सांगाडा असतो, ज्याला कारागीर ‘ट्री’ म्हणतात आणि जो पूर्वी केवळ लाकडाचा, तर आता अनेकदा पोलाद आणि प्लास्टिकचाही असतो. या सांगाड्याखाली लोकर, फोम किंवा हवा भरलेल्या दोन लांबट गाद्या असतात, त्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर टेकतात आणि त्यांच्यामधून जाणारी खोबण कण्याला मोकळी ठेवते. स्वाराचे वजन या गाद्यांवाटे मोठ्या क्षेत्रावर सारखे पसरवणे हे खोगिराचे मुख्य काम आहे, आणि सांगाड्याचा घाट पाठीच्या घाटाशी जुळल्याखेरीज ते नीट होऊ शकत नाही.

उंच, सडपातळ घोड्यात दोन्ही खांद्यांच्या मधोमध मणक्यांचा ठळक उंचवटा असतो आणि तेथून पाठ दोन्ही बाजूंना छपरासारखी उतरते, म्हणून अशा घोड्यासाठी सांगाड्याची पुढची कमान टोकदार असते. हाफलिंगरमध्ये मात्र हा उंचवटा बहुधा बसका असतो, त्याच्या बाजूचे स्नायू भरलेले असतात आणि फासळ्यांचा पिंजरा गोलाईने बाहेर येतो, त्यामुळे त्याला वरून पसरट असलेली, नालेच्या आकाराची कमान लागते. टोकदार कमानीचे खोगीर केवळ अधिक रुंद करून घेतल्यास तिची टोके फाकतात, परंतु वरचा भाग अरुंदच राहतो, आणि निरनिराळ्या उत्पादकांची ‘रुंद’ ही खूण एकाच मापाची नसल्याने खोगिरावरील शिक्क्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. शिवाय अलीकडे स्वारीसाठी अधिक हलक्या बांध्याचे हाफलिंगरही पैदा केले जात असल्यामुळे केवळ जातीच्या नावावरून माप ठरवता येत नाही.

अरुंद खोगीर पाठीवर वर तरंगते, त्याच्या कमानीची टोके फऱ्यामागील, म्हणजे खांद्याच्या रुंद हाडामागील, स्नायूंत रुततात आणि घोड्याचे पुढचे पाऊल आखूड पडू लागते. उलट अतिरुंद खोगीर पुढे खचून मणक्यांवर दाब देते. एकाच जागी वारंवार दाब पडल्यास तेथला रक्तपुरवठा अडतो, स्नायू क्षीण होतात आणि कातडीला इजा झालेल्या जागी पांढरे केस उगवतात. अरुंद खोगिराखाली जाड गादी घालून वेदना कमी होईल असे वाटणे स्वाभाविक असले, तरी घट्ट बुटात जाड मोजा घातल्याने जे होते तेच येथेही होते, म्हणजे जागा कमी होऊन दाब वाढतो.

बसक्या उंचवट्याचा दुसरा परिणाम असा की खोगिराला आधार मिळत नाही आणि ते डावी-उजवीकडे फिरते, तर गोल पोटामुळे तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा, पुढे कोपरांच्या दिशेने सरकतो आणि खोगिरालाही खांद्यांवर ओढून नेतो. अशा वेळी तंग आवळत जाणे हा सर्वांत सोपा, पण चुकीचा उपाय आहे, कारण त्याने दाब वाढतो आणि मूळ कारण तसेच राहते. त्याऐवजी कोपरामागे पुढच्या बाजूला वळण दिलेला तंग वापरल्यास खोगीर आपल्या जागी राहू शकते. शेपटीखालून नेऊन खोगिराला मागून धरणारी दुमची डोंगरउतारावर उपयोगी पडते, परंतु बेढब खोगिराची उणीव तिने भरून काढावी अशी अपेक्षा ठेवल्यास शेपटीखालची नाजूक कातडी सोलवटते.

खोगिराची लांबी हा प्रश्नही आखूड पाठीत तितकाच महत्त्वाचा आहे. स्वाराचा भार शेवटच्या फासळीच्या पुढेच पडायला हवा, कारण त्यामागच्या कमरेच्या मणक्यांना फासळ्यांचा आधार नसतो. त्यामुळे उंच स्वाराला मोठी बैठक हवी असली, तरी घोड्याची पाठ तितकी लांब असतेच असे नाही. घोड्यांच्या भारवहनक्षमतेवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्वार व खोगीर यांचे एकत्रित वजन घोड्याच्या वजनाच्या २५ ते ३० टक्के झाल्यावर स्नायूंचा त्रास स्पष्ट वाढलेला दिसला, तर रुंद कमरेच्या घोड्यांत तो तुलनेने कमी आढळला. रुंद पाठीचा हा लाभ हाफलिंगरच्याही पदरी पडू शकतो, मात्र तो भार सारखा पसरला जाण्यावर अवलंबून आहे.

म्हणून माप घेताना घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखा उभा करून, वाकवलेला आकार टिकवणारी लवचीक पट्टी प्रथम फऱ्याच्या मागे, नंतर पाठीच्या मध्यावर आणि शेवटी पाठीच्या लांबीला लावून प्रत्येक वक्र कागदावर उतरवावा आणि तो खोगीर बसवणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावा. त्यानंतर खोगीर प्रथम गादीविना ठेवून, मग स्वारासह आणि चालत्या घोड्यावर तपासावे, कारण उभ्या घोड्यावर बरोबर वाटणारे खोगीर चालताना सरकू शकते. हाफलिंगर थोड्या चाऱ्यावरही लठ्ठ होतो आणि हिरव्या कुरणाच्या ऋतूत त्याची पाठ बदलते, त्यामुळे ही तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते.

डोक्यावरच्या साजालाही हेच तत्त्व लागू पडते. हाफलिंगरचे डोके आखूड व कपाळ रुंद असल्यामुळे मध्यम मापाच्या लगामाची कपाळपट्टी अनेकदा अपुरी पडून कानांच्या मुळाशी काचते, तेव्हा ती पट्टी तेवढी मोठी घ्यावी. तोंडातील लोखंडी कड्याळे जाड असले म्हणजे सौम्य असते असा समज आहे, परंतु मांसल जिभेच्या तोंडात जाड कड्याळ्याला जागाच उरत नाही. गाडीला जुंपताना छातीवरचा पट्टा फार वर असल्यास श्वासनलिका दबते आणि फार खाली असल्यास खांद्याच्या सांध्याची हालचाल अडते.

तंग आवळताना कान मागे टाकणे, खोगीर पाहून अंग चोरणे, चढउतारावर अडणे आणि स्वारीनंतर घामाने भिजलेल्या पाठीवर एखादाच कोरडा पट्टा राहणे, ही सर्व दखल घेण्याजोगी चिन्हे आहेत. हाफलिंगरच्या सोशिक स्वभावामुळे ती उशिरा आणि पुसट दिसतात, आणि दिसली तरी अनेकदा हट्टीपणा म्हणून त्यांची बोळवण केली जाते. जो प्राणी तक्रार न करता ओझे वाहतो, त्याच्या वेदनेचा शोध घेण्याची जबाबदारी स्वारावर अधिक येते. म्हणून अशा घोड्याच्या पाठीचे वक्र वेळोवेळी उतरवून घेणे हा घोडा पाळण्याच्या मूलभूत कर्तव्याचाच भाग मानला पाहिजे.